इव्हँजेलिकल थिऑलॉजी आणि बायबल स्टडीची पुस्तकं कशी पारखायची

मंडळीत कुणाच्या हातात नवीन जाड पुस्तक दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चांगलं आहे का?" आणि उत्तरही ठरलेलं, "हो, खूप ब्लेस झालो." आता ब्लेस झालात ते उत्तमच, पण पुस्तकाबद्दल त्यातून काय कळलं? लेखक कुठल्या बाजूचा, पुरावा कसा देतो, ज्यांचं त्याला पटत नाही त्यांच्याशी कसा वागतो, यातलं काहीच नाही. संडे स्कूल घेणारे, सेल ग्रुप चालवणारे, बायबल कॉलेजला नुकतेच लागलेले, किंवा घरीच नेटाने अभ्यास करणारे, अशांसाठी मी स्वतः पुस्तक कसं तपासतो ते सांगतोय. माझं माप एकच आहे, चांगलं पुस्तक ते, जे वाचून तुम्हाला त्या पुस्तकाशीच असहमत होता येतं. म्हणजे लेखकाने सगळा माल समोर मांडलेला असतो, झाकून काही ठेवलेलं नसतं.

उदाहरणासाठी जास्त करून एकच पुस्तक धरतो, अमेरिकन अभ्यासक वेन ग्रूडेम यांचं 'सिस्टिमॅटिक थिऑलॉजी'. इंग्रजी वाचणाऱ्या बऱ्याच पास्टर लोकांच्या कपाटात ते असतं, आणि त्याच्यावर वादही भरपूर झालेत, त्यामुळे तपासायला सोयीचं.

आधी तो शिक्का समजून घ्या

"इव्हँजेलिकल पुस्तक आहे" एवढ्याने फार काही कळत नाही. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ मध्ये इव्हँजेलिकल लोकांच्या चार खुणा सांगितल्या, ज्या आता सगळीकडे वापरतात: बायबलला सर्वोच्च अधिकार, वधस्तंभ केंद्रस्थानी, प्रत्येकाचं स्वतःचं मनपरिवर्तन, आणि विश्वास सुवार्तेच्या आणि सेवेच्या कामातून दिसणं. बघा, यात बाप्तिस्मा कोणत्या वयात द्यायचा ते नाही, आत्म्याने दिलेल्या अन्य भाषा आज आहेत का ते नाही, देव तारणासाठी माणसांची निवड कशी करतो ते नाही, ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य कधी येणार तेही नाही. म्हणून लहान बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या अँग्लिकन चर्चचे जॉन स्टॉट पण इव्हँजेलिकल, विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा म्हणणारे बॅप्टिस्ट पण, अन्य भाषांसारखी आत्म्याची दानं आजही चालू आहेत म्हणणारे पेंटेकॉस्टल पण, आणि ती दानं प्रेषितांच्या काळाबरोबर संपली म्हणणारे पण. एकाच छपराखाली राहून इतकं भांडणारं दुसरं कुटुंब शोधून सापडणार नाही.

तेव्हा तुमचा पहिला प्रश्न "इव्हँजेलिकल आहे का" हा नको, "यातल्या कुठल्या घरातलं आहे" हा हवा.

कव्हर राहू दे, आतलं पान बघा

मागच्या कव्हरवरची कौतुकं मी शेवटी वाचतो, कधीकधी वाचतच नाही. त्यातून फक्त एक गोष्ट कामाची मिळते, कौतुक करणारे सगळे एकाच गटाचे आहेत का. एखाद्या बॅप्टिस्टच्या पुस्तकाला मेथडिस्ट आणि अँग्लिकन माणसाने मनापासून चांगलं म्हटलं असेल तर ती साक्ष वजनदार. सगळे एकाच सेमिनरीचे दोस्त असतील तर ते लग्नाच्या पत्रिकेतल्या आप्तेष्टांच्या नावांइतकंच.

खरी माहिती कॉपीराइटच्या पानावर असते. तिथे तीन गोष्टी बघायच्या.

प्रकाशक कोण. क्रॉसवे, आयव्हीपी, बेकर, झोंडरवन, मूडी ही इव्हँजेलिकल जगातली ओळखीची नावं, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. क्रॉसवे बऱ्यापैकी रिफॉर्म्ड बाजूचं, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतलं, देवाच्या निवडीवर जोर देणारं. अर्डमन्स तर इव्हँजेलिकल पुस्तकं छापतं तसं कॅथलिक आणि इतर लेखकांचंही छापतं, त्यामुळे "अर्डमन्सचं आहे म्हणजे आपल्या विचारांचं" असं नसतं. आणि हे नक्की बघा की पुस्तक लेखकाने स्वतः पैसे भरून तर छापलेलं नाही ना. वेस्टबो प्रेस हे थॉमस नेल्सन आणि झोंडरवन यांच्याच घरातलं स्वप्रकाशनाचं खातं आहे, नाव वाचून माणसाला वाटतं मोठ्या प्रकाशकाने निवडून छापलंय. स्वखर्चाने छापलं म्हणून वाईट असं अजिबात नाही, आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या पाळकांनी तसंच छापलंय, पण मग बाहेरच्या संपादकाने ते तपासलेलं असेलच असं गृहीत धरू नका.

आवृत्ती कोणती. रिप्रिंटचं वर्ष आणि मूळ लिहिल्याचं वर्ष यात गल्लत होते, २०२२ ची छपाई असली तरी मजकूर १९५० चा असू शकतो. ग्रूडेम यांची पहिली आवृत्ती १९९४ ची, दुसरी २०२० ची, आणि दोन्हींत फक्त पानं वाढलेली नाहीत. पुत्र पित्यापासून अनादी काळापासून जन्मलेला आहे ही निकेया विश्वासांगीकारातली (प्राचीन मंडळीच्या श्रद्धेच्या निवेदनातली) शिकवण, तिच्याबद्दल पहिल्या आवृत्तीत ते बिचकत होते. दरम्यान २०१६ च्या उन्हाळ्यात त्रैक्यावरून मोठा वाद पेटला, टीका करणाऱ्यांत त्यांच्याच रिफॉर्म्ड गोटातले लोक होते, आणि दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ती शिकवण मान्य केली. आता कुणी स्वस्तात मिळाली म्हणून जुनी आवृत्ती घेऊन त्रैक्यावर क्लास घेत असेल तर लेखकाने स्वतः सोडलेलं मत तो शिकवतोय. तुमच्याकडे जुनी असेल तर टाकून देऊ नका, फक्त त्रैक्याच्या त्या चौदाव्या अध्यायात पेन्सिलीने तसं लिहून ठेवा.

तिसरं, बायबलचं भाषांतर कोणतं वापरलंय. हे तिथेच बारीक अक्षरात असतं. एकच ठरवून वापरलं असेल तर ठीक. प्रत्येक पानावर वेगळं भाषांतर, जिथे जे आपल्या मुद्द्याला सोयीचं पडतं ते, असं दिसलं की सावध व्हा.

प्रस्तावना सोडू नका

लोक प्रस्तावना गाळून थेट अंत्यकाळाच्या अध्यायावर उडी मारतात. प्रामाणिक लेखक आपण कुठे उभे आहोत ते प्रस्तावनेत सांगून टाकतो. ग्रूडेम यांनी हे छान केलंय, सरळ सांगितलंय की मी बायबल चुकांपासून मुक्त मानतो, देवाचं सार्वभौमत्व आणि निवड याबाबत रिफॉर्म्ड आहे, बाप्तिस्म्याबाबत बॅप्टिस्ट मताचा, आत्म्याची दानं आज चालू आहेत असं मानणारा, आणि ख्रिस्ताचं येणं हजार वर्षांच्या राज्याआधी पण अंत्यकाळातल्या मोठ्या संकटानंतर असं धरणारा. वाचक पहिल्या काही पानांतच ठरवू शकतो की कुठे डोळे जास्त उघडे ठेवायचे.

याच्या उलट प्रकार म्हणजे "मी कुठल्याही पंथाचा नाही, मी फक्त बायबल जे सांगतं तेच सांगतो." असं वाक्य दिसलं की मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. प्रत्येकजण कुठूनतरी शिकलेला असतो. स्कोफील्ड रेफरन्स बायबल बघा, १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. त्यात टिपा वचनांच्याच पानावर खाली छापलेल्या, आणि त्यातून १८३० च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडलेली व्यवस्था (डिस्पेन्सेशनल म्हणतात ती), की मोठ्या संकटाआधी मंडळी गुपचूप उचलली जाणार वगैरे, घराघरात गेली. पिढ्यानपिढ्या वाचणाऱ्यांना कळेना की वचन कुठे संपलं आणि टीप कुठे सुरू झाली. ते मत बरोबर का चूक हा मुद्दा वेगळा, पण ते एक मत आहे आणि त्याला जन्मतारीख आहे हे वाचकाला माहीत पाहिजे. स्टडी बायबल घेताना हे सगळ्यात जास्त लागू, कारण तिथे टिपेला वचनाशेजारचा मान फुकटात मिळतो.

खरी परीक्षा: वचनसूची

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून इथे वेळ घेतो. आंब्याची पेटी घेताना वरचा थर बघून कुणी पैसे देत नाही, खालचा हात घालून बघतो. पुस्तकाचा खालचा थर म्हणजे शेवटची वचनसूची, कुठलं वचन कुठल्या पानावर आलंय त्याची यादी. थिऑलॉजीच्या जाड पुस्तकात ती नसेलच तर मी तिथेच मार्क कापतो.

लेखकाला सोयीची वचनं तो नीटच हाताळणार, ती बघू नका. त्याला अडचणीची वचनं शोधा. आधी प्रस्तावनेतून त्याची बाजू कळली, आता तिच्या विरुद्ध जाणारं वचन काढा आणि ते पान उघडा. तारण कधीच गमावता येत नाही म्हणणारा असेल तर इब्री ६:४-६. गमावता येतं म्हणणारा असेल तर योहान १०:२८-२९. बाप्तिस्मा फक्त चिन्ह आहे म्हणणारा असेल तर प्रेषितांची कृत्ये २:३८ आणि १ पेत्र ३:२१. माणसाच्या मोकळ्या इच्छेवर जोर देणारा असेल तर रोमकरांस ९. निवडीवर जोर देणारा असेल तर १ तीमथ्य २:४. स्त्रियांनी शिकवू नये म्हणणारा रोमकरांस १६ मधल्या फिबी आणि प्रिस्किल्लेबद्दल काय म्हणतो, आणि शिकवावं म्हणणारा १ तीमथ्य २:१२ ला कसा भिडतो. पाच-सहा वचनं पुरतात.

मग काय काय घडू शकतं? एक, ते वचन सूचीत नाहीच. तीनशे पानं तारणाच्या खात्रीवर लिहायची आणि इब्री ६ चा उल्लेखही नाही, असं पुस्तक ग्रुपमध्ये वापरू नका, कारण ग्रुपमधला पहिलाच शहाणा माणूस तेच वचन काढणार. दोन, वचन आहे पण एका ओळीत "याचा अर्थ असा होत नाही" म्हणून पुढे गेलेत. तीन, खरंच थांबून काम केलंय.

ग्रूडेम इथे तिसऱ्या प्रकारात बसतात. ते मानतात की खरा नवा जन्म झालेला माणूस शेवटपर्यंत टिकतो, म्हणजे इब्री ६ त्यांना जड जाणार. पण चाळिसाव्या अध्यायात ते पळत नाहीत, प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले, आत्म्याचे भागीदार झालेले, हा एकेक शब्दप्रयोग घेऊन त्यांचं म्हणणं असं की हे सगळं मंडळीत वावरून पुष्कळ अनुभवलेल्या पण खरा नवा जन्म न झालेल्या माणसाबद्दलही म्हणता येतं, मग पुढच्या ७-८ वचनांतली पाऊस पिऊनही काटे देणारी जमीन आणि नवव्या वचनातल्या तारणाच्या "अधिक चांगल्या गोष्टी" याचा आधार घेतात. मला विचाराल तर ते उत्तर थोडं ताणलेलं वाटतं, इतकी वर्णनं एका जागी आली की साधा वाचक विश्वासणाराच समजेल. पण हे मला म्हणता येतंय ते त्यांनी सगळी पायरी पायरी दाखवली म्हणून. त्याच्या शेजारी आय. हॉवर्ड मार्शल ठेवा, तेही इव्हँजेलिकलच, मेथडिस्ट, १९६९ च्या त्यांच्या पुस्तकात ते हा इशारा खऱ्या विश्वासणाऱ्यांना दिलेला खरा इशारा मानतात. दोघांची ती पानं एका बसण्यात वाचा, कुठलं पटलं ते तुमचं तुम्ही ठरवा.

ग्रूडेम यांच्या पुस्तकात अजून एक सोय आहे जी लोक वापरतच नाहीत. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी त्याच विषयावर दुसऱ्या परंपरांच्या पुस्तकांत कुठल्या पानावर काय आहे त्याची यादी दिलीय, अँग्लिकन, आर्मिनियन (माणसाच्या मोकळ्या इच्छेवर जोर देणारे), बॅप्टिस्ट, डिस्पेन्सेशनल, लुथरन, रिफॉर्म्ड, पेंटेकॉस्टल, वर दोन रोमन कॅथलिकही. आपल्या विरोधकाचा पत्ता स्वतःच देणारा लेखक मला आवडतो.

कच्चं कुठे? त्यांची पद्धत म्हणजे एका विषयावर सगळं बायबल मिळून काय म्हणतं ते गोळा करायचं. त्यामुळे वचनांच्या रांगा लागतात, पण प्रत्येक वचन आपापल्या पुस्तकात काय करत होतं आणि मंडळीने दोन हजार वर्षांत त्यावर काय विचार केला, याला जागा कमी उरते. म्हणून अशी पुस्तकं कॉमेंटरीशिवाय, म्हणजे बायबलमधल्या एकेका पुस्तकावरच्या भाष्याशिवाय, एकटी वाचू नयेत.

दुसऱ्याचं म्हणणं कसं मांडलंय

विरोधी मताचा परिच्छेद वाचा आणि स्वतःला विचारा, त्या मताचा माणूस हे वाचून "हो, मी हेच म्हणतो" म्हणेल का? तुमच्या ओळखीत तसा कुणी असेल तर त्याला सरळ फोटो काढून पाठवा. बॅप्टिस्ट लेखकाने लिहिलेला बाळबाप्तिस्म्याचा भाग बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) पाळकांना दाखवा, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. विरोधी मताच्या सगळ्यात कमकुवत माणसाला पकडून झोडपलंय की सगळ्यात भक्कम माणसाला, हेही तळटिपांवरून कळतं.

स्वतःच्या गटाशीही जो मोकळेपणी मतभेद सांगतो त्याच्यावर माझा भरवसा जास्त. बायबल अभ्यासक गॉर्डन फी असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाचे होते, पण पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा हा तारणानंतरचा वेगळाच अनुभव असतो या आपल्या पंथाच्या शिकवणीला त्यांनी अभ्यासातून प्रश्न विचारले. तरीही ते पेंटेकॉस्टलच राहिले.

बायबल स्टडीची पुस्तकं आणि कॉमेंटरी

इथे मापं थोडी वेगळी. रिकाम्या जागा भरायच्या वर्कबुकमध्ये बघायचं की उत्तर वचनातून शोधावं लागतं की प्रश्नातच पढवलेलं आहे. संदर्भाची परीक्षा दोन मिनिटांत होते, यिर्मया २९:११ कसं वापरलंय ते बघा. तुमच्या भल्याच्या योजना वगैरे लिहून थेट नोकरी आणि लग्नावर आले, आणि हे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आधीच्याच वचनात सत्तर वर्षं थांबा म्हटलंय, याचा पत्ताच नाही, तर पुढे पैसे घालवू नका. समृद्धीची शिकवण देणारी पुस्तकं मलाखी ३:१० आणि ३ योहान २ वर पकडली जातात, दुसरं वचन तर पत्राच्या सुरुवातीला मित्राला दिलेली शुभेच्छा आहे आणि त्यावर अख्खी श्रीमंतीची शिकवण उभी करतात, पी हळद आणि हो गोरी.

कॉमेंटरीसाठी मार्क १६:९-२० उघडा. जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत हा भाग नाही हे सांगून मग लेखक काय ते मत देतो का? गुपचूप पुढे गेला असेल तर बाकी ठिकाणीही तो असंच करत असणार.

मालिका बघून सगळा संच घेऊ नका. टिंडेल लहान आणि आटोपशीर, बायबल स्पीक्स टुडे प्रवचनासाठी बरी, नव्या करारावरची एनआयसीएनटी सखोल पण तरी वाचता येण्यासारखी, वर्ड बिब्लिकल कॉमेंटरी ग्रीक-हिब्रू न येणाऱ्याला जड. आणि एकाच मालिकेत एक खंड सोनं तर दुसरा पितळ असतो. एकेक खंड निवडून घ्या.

परीक्षणं कुठे वाचायची

दुकानाच्या साइटवरचे पाच स्टार सोडून द्या. 'थेमेलिओस' हे जर्नल ऑनलाइन फुकट आहे, डेन्व्हर सेमिनरीचं 'डेन्व्हर जर्नल' पण, दोन्हीकडे परीक्षणं भरपूर. नियम एवढाच की एक परीक्षण लेखकाच्या बाजूच्या माणसाचं आणि एक विरुद्ध बाजूच्याचं वाचायचं. विरुद्ध बाजूच्यानेही जे चांगलं म्हटलं ते बहुतेक खरंच चांगलं असतं.

हे काम काही नवीन नाही. इंग्लंडचे प्रसिद्ध प्रवचनकार स्पर्जन यांनी १८७६ मध्ये कॉमेंटऱ्यांची भलीमोठी यादी छापली होती, ज्यात चांगल्या पुस्तकाचं नाव मोठ्या टाइपात आणि सुमार पुस्तकाचं बारीक टाइपात. नुसती नजर फिरवली तरी काम झालं.

नाव मोठं म्हणजे सगळं निर्धोक असंही नाही. २०१६ मध्ये अर्डमन्सने एका नावाजलेल्या अभ्यासकाच्या तीन कॉमेंटऱ्या उसन्या मजकुरामुळे विक्रीतून काढून घेतल्या. २०१५ मध्ये टिंडेल हाउस या प्रकाशकाने स्वर्गात जाऊन आलेल्या मुलाचं पुस्तक मागे घेतलं, त्या मुलानेच सांगितलं की मी गेलोच नव्हतो. विकत घेण्याआधी पुस्तकाच्या नावाबरोबर "मागे घेतलं" असं इंग्रजीत टाकून एकदा सर्च करा, अर्ध्या मिनिटाचं काम.

आपल्याकडे वापरताना

अमेरिकेत लिहिलेलं पुस्तक अमेरिकेतल्या प्रश्नांना उत्तर देतं, त्यात त्याचा दोष नाही. पण १ करिंथकरांस ८ ते १० काढून बघा. तिथले लेखक मूर्तींना अर्पण केलेल्या अन्नावरून दारू, सिनेमा असल्या गोष्टींकडे जातात. इथे शेजारच्या काकू गणपतीत प्रसाद घेऊन दारात उभ्या असतात, अर्धं माहेर हिंदू असतं, म्हणजे तो अध्याय आपल्याला शब्दशः लागू आहे. लेखकाने तत्त्व इतकं नीट मांडलंय का की तुम्ही ते प्रसादाला लावू शकाल? २०१५ ची 'साउथ एशिया बायबल कॉमेंटरी' इथल्याच अभ्यासकांनी लिहिलेली, ब्रायन विंटल मुख्य संपादक, अशा जागी ती शेजारी ठेवा. एकाच खंडात अख्खं बायबल असल्यामुळे खोली मर्यादित, पण प्रश्न आपले आहेत.

मराठीत भाषांतर झालेलं पुस्तक असेल तर मूळ पुस्तकाचं नाव, वर्ष आणि भाषांतरकाराचं नाव दिलंय का बघा. मग कुठलीही चार वचनं आपल्या घरच्या पवित्र शास्त्राशी ताडून बघा. कधीकधी वचनंही इंग्रजीतूनच उतरवलेली असतात आणि मुद्दा अशा शब्दावर टेकलेला असतो जो आपल्या बायबलात नाहीच, मग ग्रुपमध्ये सगळे पानं उलटत बसतात. वसई किंवा गोव्याकडचे कॅथलिक वाचक असतील तर त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ही पुस्तकं ६६ पुस्तकांचं बायबल धरून चालतात, ७३ चं नाही, त्यामुळे मक्काबी वगैरेंचे संदर्भ आले तरी शास्त्राचा अधिकार म्हणून येणार नाहीत.

पुण्यात असाल तर बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३ मध्ये यवतमाळहून इकडे आलेली. लायब्ररीत बसून बघता येईल का हे आधी फोन करून विचारा. आठ-दहा हजारांचा संच घेण्याआधी तिथेच इब्री ६ आणि १ करिंथकरांस ८ ची पानं वाचून झाली तर निम्मी खरेदी वाचते. जमत नसेल तर प्रकाशकाच्या साइटवर प्रस्तावना आणि नमुना अध्याय बहुतेक वेळा फुकट मिळतो. कॅल्विन, मॅथ्यू हेन्री, स्पर्जन यांचं जुनं लिखाण तर 'ख्रिश्चन क्लासिक्स इथिरियल लायब्ररी'वर तसंच पडलंय, त्याच्या चकचकीत रिप्रिंटला पैसे देऊ नका, आणि दिलेच तर आतली छपाई बघून द्या, कारण स्कॅन करून न तपासता छापलेल्या प्रतींत वचनांचे आकडेच चुकलेले असतात.